रॉटनच्या वटवाघळाची नोंद घेताय? या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, भीमगड अभयारण्याच्या जंगलात बारापेडेची गुहा आहे. रॉटनचं (Wroughton या प्राणी अभ्यासकाच्या नावावरून) मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ 1913 साली याच गुहेतल्या नमुन्यावरून जगाला कळलं. चंदगड आणि गोवा दोन्ही हाकेच्या अंतरावर, त्यामुळे इकडचे निसर्गप्रेमी तिथे जायला उत्सुक असतात.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे आत शिरून मोजणं. ही वटवाघळं छतातल्या खळग्यांत आणि भेगांत दाटीने बसतात. खालून टॉर्च मारला की काही आत सरकतात, काही उडतात. आकडा तर चुकतोच, वर अंगाला बिलगलेलं पिल्लू खाली पडण्याची भीती. वनखात्याची लेखी परवानगी घ्या आणि बाहेरूनच मोजा. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी मुखाच्या एका बाजूला, आकाशाच्या उजेडावर आकृती दिसेल अशा जागी बसा. वाटेतच बसलात तर त्यांचं बाहेर पडणं लांबतं. दोघे जण, दोन काउंटर: एकाने बाहेर जाणारी मोजायची, दुसऱ्याने परत आत शिरणारी. दर पाच मिनिटांनी आकडे लिहा. वजाबाकी म्हणजे तुमची गणती. पांढरा दिवा नको, इन्फ्रारेड कॅमेरा असेल तर उत्तम. पाऊस लागला तर त्या दिवशीचे आकडे सोडून द्या. गुहेत इतर जातीही राहतात, म्हणून आलेली बेरीज सरसकट रॉटनच्या नावावर टाकू नका.

डिटेक्टरवर, म्हणजे वटवाघळांच्या अतिउच्च आवाजातल्या हाका आपल्याला ऐकवणाऱ्या यंत्रावर, काहीच ऐकू येत नाही, अशी तक्रार नेहमीची. यंत्र बहुधा ठीक असतं. बरेच जण ते 40-45 किलोहर्ट्झवर लावून बसतात, आणि या जातीची हाक 15 च्या आसपास असते. तीक्ष्ण कानाच्या माणसाला ती नुसतीही ऐकू येते. म्हणून 12 ते 20 मध्ये हळूहळू फिरवत राहा. रेकॉर्डर असेल तर खालच्या पट्टीतले आवाज गाळणारा फिल्टर बंद करा, नाहीतर नेमकी हीच हाक पुसली जाते. तरीही एका हाकेवर ओळख ठरवू नये, कारण मोकळ्या शेपटीच्या इतर जातीही खालच्या पट्टीत बोलतात. कपाळावर जोडलेले मोठे कान, मानेमागचा फिकट राखाडी पट्टा आणि मागच्या पायांमधल्या पडद्याबाहेर आलेली शेपटी स्पष्ट दिसली तरच खात्रीने लिहा.

‘जगात फक्त एकाच गुहेत, अतिसंकटग्रस्त’ हे वाक्य अजून फिरतंय. नव्वदच्या दशकात माहिती तेवढीच होती. पुढे मेघालयातल्या गुहांत आणि कंबोडियातही ही जात सापडली. आता आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत ती ‘माहिती अपुरी’ या गटात आहे. पण हे वाचून ‘म्हणजे धोका नाही’ असं म्हणणारे आणखी चुकतात. अपुरी माहिती म्हणजे मुबलक संख्या नव्हे, आणि मेघालयात चुनखडीच्या खाणी गुहांच्या दारापर्यंत आल्या आहेत. आपल्या वन्यजीव कायद्यात ही जात अनुसूची 1 मध्येच, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे.

गुहेला कुंपण घातलं की काम झालं, हाही गैरसमज. लांब, अरुंद पंखांचा हा प्राणी जंगलाच्या माथ्यावरून, मोकळ्या हवेत वेगाने किडे पकडतो. भोवतीचं रान तुटलं तर गुहा शाबूत राहूनही उपयोग नाही.

अशा पंखांना सपाट जमिनीवरून उडणं जड जातं. खाली पडलेलं दिसलं तर उघड्या हाताने उचलू नका, वनरक्षकाला कळवा. जाड हातमोजे असतील तर खरखरीत खडकावर उंच टेकवा, ते स्वतःच वर चढून झेप घेईल. चावलंच तर जखम साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या.