रात्रीची लाईट, उसाचा फड आणि हाक : आपल्या गावच्या भुताचा गेम कसा करायचा

भुताचा गेम करायचा म्हटलं की परभणीतल्या माझ्या क्लासमधली पोरं आधी चेहरा काढायला बसतात. पांढरी साडी, मोकळे केस, उलटे पाय. मग विचारतात, "मॅडम, आता हिला काय करायला लावू?" चेहरा शेवटी, बाळांनो. आधी नियम ठरवा : या जागी काय करायचं नाही आणि केलं तर काय होतं. भीती तिथून सुरू होते.

कुठलंही सॉफ्टवेअर उघडण्याआधी काही गेम खेळा, पण प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारत खेळा : हा गेम मला भुताकडं बघायला लावतो, का नजर चुकवायला?

आधी पश्चिमेकडचे गेम, मग जपानचे. 1993 चा डूम घ्या. सैतान नरकातून आले, तुमच्या हातात बंदूक आहे, विषय संपला. 2008 च्या डेड स्पेसमध्ये गोष्ट अंतराळातल्या जहाजावर गेली आणि डोक्याऐवजी हातपाय तोडायचे असा नियम आला, पण संकट बाहेरून येतं आणि माणूस अवजार उचलतो, हा सांगाडा तोच राहिला. तरी "पश्चिम म्हणजे बंदूक" एवढ्यावर थांबू नका. 2010 मध्ये स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सनं अम्नेशिया : द डार्क डिसेंट काढला आणि हातातली बंदूकच काढून घेतली. कंदिलाचं तेल संपत जातं, अंधारात राहिलं तर डोकं फिरतं आणि राक्षसाकडं बघत राहिलं तरी फिरतं. म्हणजे नजर चुकवा.

जपानचा फेटल फ्रेम (2001) याच्या बरोब्बर उलटा, आणि शिकणाऱ्यानं सगळ्यात जास्त वेळ याच्यावर घालवावा असं माझं मत. भुताला मारायचं शस्त्र म्हणजे जुना कॅमेरा. भूत जितकं जवळ, तितका फोटोचा मार जबर. झडप घालायच्या ऐन क्षणी बटण दाबलं तर सगळ्यात जास्त. म्हणजे पळून जायचं सोडून तुम्ही तिथंच उभं राहता, भिंगातून बघत, "अजून जवळ येऊ दे" म्हणत. फिल्मही मोजकीच. आणि ज्यांचे फोटो काढता ती माणसं आहेत, प्रत्येकाचं काहीतरी अर्धं राहिलंय. जपानी युरेई, म्हणजे तिथलं मेलेल्या माणसाचं भूत, ते अर्धं राहिलेलं घेऊनच फिरते. आपला मुंजा वेगळा कुठं आहे? मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आधी पोर गेलं, आता ते पिंपळावर. ही ओढ आपल्याला शिकवावी लागत नाही.

आता म्हणाल, मग जपानी पद्धत चांगली. थांबा. 1996 चा रेझिडेंट ईव्हिल जपानच्या कॅपकॉमचा, पण घर अमेरिकेतलं आणि स्थिर कॅमेरे 1992 च्या फ्रेंच अलोन इन द डार्कसारखे. 1999 चा सायलेंट हिल कोनामीनं केला, पण गाव अमेरिकन. ती मालिका 1960 च्या दशकातल्या जपानी गावात यायला 2025 उजाडलं. दोन्हीकडून उचलायला हरकत नाही, मात्र युक्ती उचला, बंगला उचलू नका. इंडोनेशियाच्या ड्रेडआउटनं (2014) कॅमेऱ्याच्या जागी पोरीच्या हातात स्मार्टफोन दिला आणि समोर त्यांच्याकडचं कफनात बांधलेलं भूत, पोचोंग, आणलं. तैवानच्या डिटेन्शननं (2017) तिथल्या लष्करी दडपशाहीच्या काळातली शाळा घेतली. भूत जवळून जाताना खेळणाऱ्यानं श्वास रोखायचा, एवढीच साधी युक्ती.

आता आपलं. मी पोरांना देते तो प्रसंग असा. गव्हाला पाणी द्यायचंय. या आठवड्यात मोटारीला लागणारी थ्री फेज लाईट रात्रीची आहे. विहिरीवर जायचं, स्टार्टर दाबायचा, मग दारं धरायची, म्हणजे एक वाफा भिजला की पाणी पुढच्यात वळवायचं. लाईट जाईपर्यंत रान भिजलं पाहिजे, हाच गेमचा वेळ. मधे लाईट ट्रिप झाली की पुन्हा विहिरीपर्यंत चालत जायचं, आणि वाटेत उसाचा फड. लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारा ऑटो स्विच ठेवू नका, नाहीतर पोरगं बांधावरच बसून राहील.

फड का? सायलेंट हिलमधल्या धुक्यामागं प्लेस्टेशनची मर्यादा लपवली होती, लांबचं काही काढावंच लागत नव्हतं. मराठवाड्यात कसलं आलंय तसलं धुकं! पण माणसाच्या वर गेलेला ऊस आहे. दोन पावलांपलीकडं दिसत नाही, आणि तुमचा जुना लॅपटॉपही सुटतो. गेम बनवायचं गोडो हे सॉफ्टवेअर फुकट आहे. नवा प्रकल्प उघडताना जुन्या मशीनला झेपणारा कंपॅटिबिलिटी रेंडरर निवडा, एकच ऊस ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करा आणि गोडोतल्या मल्टीमेशनं तोच हजारदा लावा.

सायलेंट हिलमध्ये राक्षस जवळ आला की रेडिओ खरखरतो. आपल्याकडं उलट करा. रातकिडे सतत चालू ठेवा आणि भूत येऊ लागलं की त्यांना गप्प करा. पंधरा मीटरवर आवाज कमी व्हायला लागावा, पाच मीटरवर शून्य. स्क्रिप्टमध्ये अंतर मोजायचं आणि त्यावरून रातकिडे ज्या ऑडिओ बसवर, म्हणजे आवाजाच्या वाटेवर, ठेवलेत तिचा आवाज उतरवायचा, चार ओळींचं काम आहे. आवाज इंटरनेटवरून उतरवू नका. मोबाईल घेऊन रानात जा. टिटवी, मोटारीची घरघर, पाइपातून पाणी पडायच्या आधीची फुसफुस, सगळं मिळतं.

आता मुख्य नियम : हाक. आमची मोठी माय सांगायची, रात्री कुणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर परत मारील. गेम सुरू होताना नाव विचारून घ्या, पण मशीनकडून बोलून घेऊ नका, फार खोटं वाटतं. दहा-बारा नेहमीची नावं स्वतः रेकॉर्ड करा आणि त्यांतूनच निवडायला लावा. एक बटण, ओ द्यायचं. खोट्या हाकेला ओ दिली की भूत तुमच्याकडं वाट धरतं. पण काही हाका खऱ्या ठेवा. पलीकडच्या रानातला शेजारी सांगतोय की तुमचा पाइप फुटलाय. तीनदा मारूनही ओ दिली नाही तर अर्धं रान कोरडं. नियम पाळला तरी तोटा होऊ शकतो, हे आलं की खेळणारा खरा घाबरतो.

चकवाही घ्या. त्याच बांधावर पुन्हा पुन्हा यायचं, म्हणजे वळणावर खेळणाऱ्याला गुपचूप मागं नेऊन ठेवायचं. सुटायचा उपाय म्हणून त्याला खाली बसू द्या. घड्याळ चालू, लाईट जायची वेळ झालेली आणि बसून राहायचं.

सेव्ह करायला रेझिडेंट ईव्हिलमध्ये टाइपरायटर आणि मोजक्या रिबिनी होत्या. आपल्याकडं बारव आणि तिथल्या साती आसरा, पाण्याच्या देवता. हळदकुंकवाच्या तीनच पुड्या द्या. एक पुडी, एक सेव्ह. आसरांना मात्र राक्षस करू नका. त्यांचा मान आहे, बाया खण-बांगड्या वाहतात.

आणखी दोन गोष्टींना मी क्लासमध्ये सरळ नाही म्हणते. एकट्या म्हातारीला चेटकीण ठरवायचं नाही. असल्या आरोपावरून खऱ्या बायांनी मार खाल्लाय, त्यासाठी महाराष्ट्राला 2013 मध्ये कायदा करावा लागला. आणि 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप दचकवायला वापरायचा नाही. डिटेन्शनसारखं गावाच्या दुःखावर लिहायची तयारी असेल तर आधी लातूर-धाराशिवकडच्या (तेव्हाचं उस्मानाबाद) माणसांपाशी बसून या. दगडमातीच्या भिंती पडायचा आवाज ज्यांनी ऐकलाय ती माणसं अजून आहेत.

चेहरा? आता काढा. बहुतेक वेळा तोवर गरज उरलेली नसते. उसातून दिसणारा धोतराचा सोगा पुरतो.

पहिला भाग दहा मिनिटांच्या वर नेऊ नका. तपासायला दोघं बोलवा : हेडफोन लावून खेळणारं एक पोरगं आणि रात्री खरंच दारं धरणारा एक शेतकरी. स्टार्टर कुठल्या हाताला असतो, बूट चिखलात कसे वाजतात, हे शेतकरी सांगेल. पोरानं कितव्या हाकेला ओ दिली ते गेमलाच नोंदवू द्या, त्याला विचारू नका, तो खोटं सांगेल. कुणीच ओ देत नसेल तर हाक पुरेशी ओळखीची झालेली नाही. मग सुरुवातीला दिवसाउजेडीचा एक तुकडा घाला, त्यात तो शेजारी बांधावर येऊन तंबाखू मागू दे, लाईटवाल्यांना शिव्या देऊ दे, आणि रात्रीची खोटी हाक त्याच माणसाच्या आवाजात रेकॉर्ड करा.