दवाखान्यातून रैनबसेऱ्यात आलेल्या क्षयरुग्णाची काळजी

इंदूरच्या एम. वाय. रुग्णालयातून सुटी मिळालेला निराधार माणूस रैनबसेऱ्यात, म्हणजे बेघरांच्या रात्रनिवाऱ्यात, आला की आधी डिस्चार्जच्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढा. पावसात आणि चोरीत पहिला तोच कागद जातो. पलंग उघड्या खिडकीपाशी, संडासाजवळ द्या.

औषध साधारण ६ महिने चालतं. गोळ्या त्याच्या पिशवीत नकोत, चौकीदाराकडे ठेवा आणि रोज आपल्यासमोर द्या. लघवी केशरी होईल, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. रक्त पडतंय असं वाटून माणूस घाबरतो आणि गोळ्या गुपचूप उशीखाली सारतो. डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. खोकल्यातून बरंच रक्त आलं तर १०८.

क्षयरुग्णाच्या पोषक आहारासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिना १००० रुपये बँक खात्यातच येतात, म्हणून खात्याचं काम लांबवू नका.

सोबतीला एकच माणूस ठरवा, वेळही तीच. रोज नवा चेहरा आला की काका बोलायचेच बंद होतात. घर कुठलं, मुलं कुठे, हे विचारू नका. शेजारी बसा, चहा घ्या. मधुमेह असेल तर बसल्या बसल्या तळपाय बघा, खिळा रुतला तरी त्यांना कळत नाही.