बालवाडीच्या वयातील मुलाचा आहार आणि खेळ यांचा मेळ कसा बसवावा

प्रथम अंगणवाडीत मुलाचे वजन व उंची मोजून वाढीच्या तक्त्यावर नोंदवून घ्यावी. कडेवर घेऊन "हलकाच लागतो" असे ठरवण्यात अर्थ नाही.

त्यानंतर ऊर्जेचा आकडा पाहावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १,०१० आणि ४ ते ६ वर्षांच्या मुलाला सुमारे १,३६० किलोकॅलरी लागतात. दुसरा आकडा १८.३ किलो वजनाच्या मुलासाठी आहे, म्हणजे किलोमागे साधारण ७५. मात्र मूल तक्त्यावर कमी वजनाचे असेल, तर त्याच्या आजच्या वजनाने हा गुणाकार करू नये. तसे केल्यास गरज कमी दिसते आणि मूल आहे तिथेच राहते.

अंगणवाडीचा नाश्ता व गरम जेवण मिळून ५०० किलोकॅलरी देण्याचा निकष २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ठरला. उरलेला भाग घरून गेला पाहिजे, आणि तो चार-पाच वेळांत विभागून द्यावा, कारण या वयाचे पोट लहान असते. तूप लावलेली चतकोर कळण्याची (ज्वारी व उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) भाकरी, वरण, शेंगदाण्याचा लाडू, आणि साधारण १०० किलोकॅलरी देणारे रावेर-यावलकडचे एक मध्यम केळे, एवढे आपल्या घरात असतेच; त्यासाठी महागडी पावडर आणण्याचे कारण नाही. जेवणाआधी चहा-बिस्किटे देणे मात्र बंद करावे.

खरी अडचण येते ती खेळाच्या बाबतीत, आणि नेमक्या याच ठिकाणी लोक सर्वांत निष्काळजी सल्ला देतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की, ३ ते ४ वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी आणि त्यातली किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरदार असावीत. "आमचा दिवसभर उड्याच मारतो" हे वाक्य मी प्रत्येक पालकसभेत ऐकते. पण त्याच मुलाचा दिवस घड्याळ लावून पाहिला, तर मोटारसायकलच्या टाकीवर बसणे, आजोबांच्या कडेवर फिरणे आणि मोबाईलसमोर जेवणे यांतच बराचसा वेळ गेलेला असतो. ही हालचाल नव्हे. जोरदार खेळ ओळखायचा तो श्वासावरून: मूल धापा टाकत बोलते आणि वाक्य मध्येच तोडते. घामावर विसंबू नये, कारण आमच्या वैशाखात पंख्याखाली झोपलेल्या मुलालाही घाम येतो.

जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा मला या तीन तासांची जुळणी अनेक वर्षे जमत नव्हती, कारण ते सलग भरले पाहिजेत असे मी धरून चालले होते. तशी अट नाही. दहा-दहा मिनिटांचे तुकडेही चालतात. सकाळी ऊन चढण्याआधी अंगणात शिवणापाणी, संध्याकाळी ओटा निवल्यावर पुन्हा पळापळ, आणि दुपारी अकरा ते पाच बाहेर जाणे पूर्ण बंद. मधल्या वेळात फरशीवर खडूची एक रेघ ओढून तळ्यात-मळ्यात खेळावे. आज्ञा भराभर बदलत गेल्या की पाच मिनिटांत मुलाचा श्वास फुलतो. दोन फेऱ्यांनंतर पाणी द्यावे आणि थोडे थांबावे. घरातल्या सर्व उशा एका खोलीतून दुसरीत वाहून नेण्याचे कामही मुले आनंदाने करतात (त्या परत आणायला मात्र वेगळे आमिष लागते). मूल मलूल दिसले, डोके दुखते म्हणाले किंवा लघवी गडद पिवळी झाली, तर खेळ तिथेच थांबवून सावलीत पाणी पाजावे. "थोडे खेळले की ठीक होईल" असे म्हणणाऱ्याचे मुळीच ऐकू नये.

खेळ झाल्यावर अर्ध्या तासाने ताट वाढावे. किती वाढायचे हे आपण ठरवावे आणि किती खायचे हे मुलावर सोडावे. मोबाईल दाखवून भरवलेला घास भुकेचा नसतो, आणि पडद्याची मर्यादा तशीही दिवसाला एक तासाचीच आहे, कमी असल्यास अधिक चांगले. एखाद्या दिवशी मूल अर्धी भाकरी टाकून उठले तरी त्याच्यामागे वाटी घेऊन धावू नये. आठवड्याचा हिशेब पाहावा.

झोप १० ते १३ तास, दुपारची धरून.

वजन दर महिन्याला त्याच काट्यावर करावे. तक्त्यावरील रेघ सलग दोन महिने आडवी राहिली, तर घरच्या घरी तूप वाढवत बसण्याऐवजी जंत, वारंवार येणारा ताप किंवा रक्तक्षय यांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्यावी.