पिशवीचा कॅन्सर म्हणजे नक्की कुठला?

एमएस्सी करून कॅन्सर जेनेटिक्सच्या ओपीडीत काउन्सेलर म्हणून रुजू झाले तेव्हा बीआरसीए१, बीआरसीए२ (बिघडले तर स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारे जीन) तोंडपाठ होते. अडले ते पहिल्याच आठवड्यात, 'पिशवी'वर. "आईला पिशवीचा कॅन्सर होता," समोरच्या ताई म्हणाल्या. मी गर्भाशय लिहून मोकळी! सिनियर मॅडमनी त्यांच्या कॅरीबॅगमधला, घड्यांवर फाटलेला बायोप्सी रिपोर्ट काढायला लावला. अंडाशय. गर्भाशय असतं तर लिंच सिंड्रोमचा, म्हणजे गर्भाशय आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाचा, विचार आधी झाला असता. घरात अंडाशय आणि स्तन दोन्ही, म्हणजे आधी बीआरसीए. तेव्हापासून 'पोटाचा', 'पिशवीचा' असलं काही ऐकलं की मी कागद मागते.

नवीन येणाऱ्यांनो, वंशावळ काढायला शिका. चौकोन पुरुष, गोल बाई, कॅन्सर असेल तर आतून भरायचं, निदान तीन पिढ्या. मराठीत आत्या आणि मावशी वेगळ्या, हे आपलं नशीब. पण काकू आणि मामी सहसा रक्ताच्या नसतात, आणि 'बहीण' सख्खी की चुलत हे विचारल्याशिवाय कळत नाही. मामेबहिणीशी लग्न झालेलं असेल तर नवरा-बायकोमध्ये जोडरेघ, म्हणजे नातं रक्ताचं. सगळ्यात जास्त सुटते ती आत्या. "स्तनाचा कॅन्सर वडिलांकडून कसा येईल?" असं शिकलेली माणसंही विचारतात. येतो. बदललेला जीन वडिलांकडे असो वा आईकडे, प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्केच.

तपासणी शक्यतो आधी ज्याला कॅन्सर झालाय त्याची. घरातला दोष सापडलेलाच नसेल, तर निरोगी मुलीच्या 'निगेटिव्ह'ला फारसा अर्थ नसतो. तिसरा निकालही असतो, व्हीयूएस, म्हणजे बदल दिसतोय पण तो घातक आहे की नाही ठरलेलं नाही. त्याच्या जोरावर कुणी ऑपरेशनला निघालं तर थांबवायचं. आणि 'पॉझिटिव्ह' शब्द जपून. लोकांना तो 'कॅन्सर झालाय' असा ऐकू येतो. बीआरसीए१ मध्ये दोष असलेल्या बाईला ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाच्या कॅन्सरची शक्यता साधारण ७२ टक्के, हा आकडा मी बसल्याबसल्या सांगत नाही, आधी विचारते, "आकडे हवेत का?"

पुस्तकात नसलेला प्रश्न हमखास येतो : "मॅडम, हिला स्थळं बघतोय, फाइलवर नको लिहू." अशा वेळी मी आईला चहाला पाठवते. रिपोर्ट मुलीचा असतो, तिच्याशी आधी एकटीशी बोलते.

आणि हो, वंशावळ पेन्सिलीने काढा. दुसऱ्या भेटीला कुणाला तरी आत्या आठवतेच.