पाकिटावर हिरवं पान काढायच्या आधी

"ताई, जरा इको लुक द्या ना. क्राफ्ट पेपरसारखा रंग, कोपऱ्यात एक पान." पुण्यात पॅकेजिंग डिझाइन करते मी, आणि हे वाक्य महिन्यातून दोनदा तरी कानावर पडतं. पूर्वी निमूट पान काढून द्यायचे. फरसाणाच्या एका पाकिटावरचं पान तर इतकं जमलं होतं की वर्षानुवर्षं पोर्टफोलिओत पहिलं तेच असायचं. पाकीट आतून चंदेरी, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

मग एकदा कचरा वेगळा करण्याच्या शेडवर जायची वेळ आली. तिथल्या मावशींनी दुधाची पिशवी झटकली, घडी घातली आणि पोत्यात टाकली. पुठ्ठा वेगळा, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या. माझं पाकीट हातात आलं तसं त्यांनी न बघताच मागे भिरकावलं. "ह्याला भाव नाय." त्या दिवसापासून कामाची पद्धत बदलली. या धंद्यात नव्याने आलेल्यांसाठी ती इथे लिहून ठेवते.

संगणकावर इलस्ट्रेटर (चित्र काढायचं सॉफ्टवेअर) उघडायच्या आधी पाकिटाचा नमुना फाडा. खरोखर फाडा. कोपऱ्यावर आडवा कट द्या आणि नखाने थर सुटतायत का बघा. चिप्स-फरसाणाच्या पाकिटात बहुतेकदा बाहेर छापलेली पीईटी (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक) फिल्म, मधे धातूचा मुलामा दिलेली चंदेरी फिल्म आणि आत पॉलिथीन असतं. तीन वेगळे पदार्थ एकमेकांना असे चिकटवलेले की नेहमीच्या रिसायकलिंगमध्ये ते सुटत नाहीत. दुधाची पिशवी निव्वळ पॉलिथीनची, म्हणून तिला भाव. पाकिटामागे त्रिकोणी बाणात ७ आकडा दिसला तर तो म्हणजे 'इतर'. मुळात त्या बाणांवरून प्लास्टिक कोणतं एवढंच कळतं. हे रिसायकल होईलच असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. गिऱ्हाइकालाच काय, निम्म्या डिझायनरांनाही हे ठाऊक नसतं.

म्हणून लगेच 'एकाच पदार्थाचं पाकीट करा' असा हट्ट धरू नका. चंदेरी थर ओल आणि हवा दोन्ही अडवतो. तो काढला आणि फरसाण महिन्याभरात खवट होऊन फेकावं लागलं, तर बेसन, तेल, गॅस, वाहतूक सगळंच वाया, आणि त्याचा भार पाकिटापेक्षा कितीतरी जास्त. गिऱ्हाइकाला एकच विचारा: माल दुकानात प्रत्यक्षात किती दिवस राहतो? पाकिटावर सहा महिने आणि माल संपतो तीन आठवड्यांत, असं पुष्कळदा निघतं. मग एका पदार्थाच्या पाकिटाचा नमुना मागवून टिकवून बघायला जागा असते.

आता शब्द. 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन', 'निसर्गस्नेही' यांतलं काहीही डिझाइनमध्ये टाकण्याआधी पुरावा लेखी मागायचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ ला यावर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. मोघम शब्द आधाराशिवाय चालत नाहीत आणि दिशाभूल फक्त शब्दांनीच होते असंही नाही, चिन्हं आणि चित्रंही त्यात धरली आहेत. म्हणजे आपलं पान आलं. जाहिरात संस्थाही या सूचनांच्या कक्षेत येतात, तेव्हा 'मी फक्त डिझाइन केलं' म्हणून हात झटकायची सोय फारशी उरलेली नाही. 'कंपोस्टेबल' लिहायचं असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र मागा. असं बरंचसं प्लास्टिक कारखानी खतप्रकल्पातल्या उष्णतेत कुजतं. गच्चीवरच्या कुंडीत त्याचं तसं होईलच असं नाही.

मी पाठवते तो मेसेज असा: "साहेब, पाकिटावर 'रिसायकल होणारं' असं टाकायचं आहे. हे संपूर्ण पाकिटाबद्दल आहे की फक्त बाहेरच्या खोक्याबद्दल? त्याचा कागद पाठवा, म्हणजे तेवढंच आणि तसंच लिहिते." भांडण नाही, उपदेश नाही. दहातले सातजण यानंतर तो शब्द स्वतःच काढायला सांगतात. (हा आपला माझा अंदाज, वहीत मोजलेला नाही.)

गिऱ्हाईक शेअर बाजारात नोंदलेली मोठी कंपनी असेल तर आणखी एक काम करा. बाजारमूल्याने पहिल्या हजार कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून बीआरएसआर हा जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे. तो सर्वांना वाचता येतो. प्लास्टिक कचऱ्याचे आकडे असतात तिथे जा. सीएसआरची, म्हणजे नफ्यातून करायच्या समाजकार्याची पानं पुढे असतात, फोटो छान असतात, पण नफ्यातल्या दोन टक्क्यांतून लावलेली झाडं हा वेगळा हिशोब. 'आम्ही रोपं लावली' म्हणून साबणाच्या वेष्टनावर जंगल काढायला सांगतात, तेव्हा मी विचारते, "वेष्टनात काय बदललं?"

सगळ्यात जास्त फरक मात्र मी कीलाईनवर, म्हणजे खोका कुठे कापायचा आणि दुमडायचा त्या आराखड्यावर पाडू शकले आहे, आणि तिथे कोणाला नीती वगैरे ऐकवावी लागत नाही. चहाच्या मसाल्याचा एक खोका होता. उलगडला की पावणेबारा बाय आठ इंच. २३ बाय ३६ च्या शीटवर लांबीत तीन बसत होते, रुंदीत दोनच, आणि सात इंचांची पट्टी रद्दीत. प्रेसचे काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "मॅडम, अर्धा इंच, पाऊण इंच काढा कुठूनतरी, नऊ बसवतो." आतली पुडी खाली बसत असल्यामुळे वर रिकामी जागा होतीच. उंची १५ मिलिमीटरने कमी केली, आठाचे ७.४ इंच झाले, ग्रिपरलाही (मशीन शीट पकडतं ती कड) जागा उरली. सहाऐवजी नऊ. नव्वद हजार खोक्यांना १५,००० शीट लागणार होत्या, त्या १०,००० झाल्या. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) बोर्ड होता, म्हणजे जवळपास ८०० किलो कागद वाचला, टेम्पोच्या फेऱ्या वेगळ्याच. गिऱ्हाइकाने फक्त बिल बघितलं आणि लगेच हो म्हटलं. तेव्हा डाय (खोका कापायचा साचा) बनायला जायच्या आधी प्रेसमध्ये जाऊन बसा. पीडीएफ मेल करून हे कळत नाही. जमलं तर मॅट लॅमिनेशनऐवजी पाण्याच्या कोटिंगचा नमुनाही तिथेच बघून घ्या. फिल्म चिकटली की पुठ्ठा पुन्हा लगद्यात जाताना त्रास देतो.

बाटलीला डोक्यापासून पायापर्यंत स्लीव्ह, म्हणजे घट्ट बसणारं प्लास्टिकचं छापील वेष्टन, घालू नका. आतली पीईटी चांगली असूनही ती वेगळी करणाऱ्याला स्लीव्ह फाडत बसावं लागतं. अगदीच हवी असेल तर फाडायची रेघ द्या आणि 'आधी ही काढा' असं मराठीत लिहा.

एवढं करूनही कोणी म्हणतंच, "ताई, पुरावा-बिरावा सोडा, तुम्ही पान टाका." तेव्हा मी लेखी नाही म्हणते आणि आगाऊ घेतलेल्या रकमेतले झालेल्या कामाचे पैसे कापून बाकीचे त्याच दिवशी परत करते. उशीर केला की आपलंच मन वळायला लागतं. म्हणून कोटेशनमध्येच एक ओळ ठेवा: पर्यावरणविषयक दाव्याचा पुरावा गिऱ्हाइकाने द्यायचा, न दिल्यास तो मजकूर आणि चित्र छापलं जाणार नाही.

गेल्या दिवाळीत असंच एक फराळाचं काम सोडलं. नंतर ते पाकीट आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात लटकलेलं दिसलं. त्यावर दोन पानं होती.