सेव्हरम, जिओफेगस, उआरू: खानदेशच्या पाण्यात मोठे सिक्लिड पाळताना या चुका टाळा

मे महिना लागला की मला फोन यायला लागतात. ‘भाऊ, काल रात्री चांगला खात होता, सकाळी पाहतो तं उताणा.’ कोणतं औषध टाकू, हा पुढचा प्रश्न ठरलेला. मी आधी एवढंच विचारतो: पाणी बोअरचं की नळाचं, आणि टाकी किती फुटी? बहुतेक वेळा औषधाची बाटली उघडायची गरजच पडत नाही, कारण दुखणं माशात नसतं, पाण्यात असतं.

सिक्लिड हे माशांचं एक मोठं कुळ. त्यातले दक्षिण अमेरिकेतले मोठे पण शांत मासे म्हणजे सेव्हरम, जिओफेगस, उआरू, चॉकलेट सिक्लिड, फेस्टिव्हम. ॲमेझॉन आणि तिच्या आसपासच्या नद्यांतले हे मासे. तिथलं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, आम्लाकडे झुकणारं, पडलेल्या पानांनी चहासारखं झालेलं. आपल्याकडे जमिनीखाली काळा बसाल्ट, तापीकाठी गाळाची जमीन, आणि बोअरचं पाणी असं की बादलीच्या कडेला महिन्याभरात पांढरा थर बसतो. एवढा फरक ध्यानात ठेवला तर पुढच्या निम्म्या चुका होणार नाहीत.

‘शांत’ म्हणजे लहान नव्हे

दुकानात दोन इंचांचं गोल्ड सेव्हरमचं पिल्लू फार गोजिरं दिसतं. मला एका दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘हा चार इंचांच्या वर जात नाही.’ तो मासा दीड वर्षात माझ्या पंजाएवढा झाला. सेव्हरम सुमारे आठ इंच होतो, जिओफेगस आठ ते दहा, उआरू आणि चॉकलेट दहा इंच किंवा त्याहून जास्त. शांत म्हणजे उगाच कुणाला मारत नाही, इतकंच. तोंडात मावेल तो निऑन टेट्रासारखा चिमुकला मासा मात्र जाणार, त्यात राग नसतो, भूक असते.

सेव्हरमच्या जोडीला चार बाय दीड बाय दीड फुटांची टाकी हवी, म्हणजे साधारण २५० लिटर. जिओफेगस पाच-सहाच्या घोळक्यात ठेवावे लागतात. दोनच ठेवले तर एक दुसऱ्याच्या मागे लागतो. या घोळक्याला मात्र सहा फूट लांबी लागते. २५० लिटर म्हणजे नुसतं पाणीच अडीचशे किलो, त्यावर काच, वाळू आणि स्टँड. वरच्या मजल्यावर ठेवायची असेल तर भिंतीलगत, बीमच्या बाजूने ठेवा आणि काचेखाली थर्माकोलची शीट घाला. जुन्या वाड्याच्या लाकडी माळवदावर तर नकोच.

आणखी एक गफलत दुकानातच होते. फ्लॉवरहॉर्न, रेड डेव्हिल, जॅग्वार यांना ‘हेपण सिक्लिडच’ म्हणून याच टाकीत टाकतात. फ्लॉवरहॉर्न माणसाने तयार केलेला संकर आहे, बाकीचे दोन मध्य अमेरिकेतले. सेव्हरमसोबत यांना ठेवणं म्हणजे पोळ्याच्या बैलाला रेड्याशी झुंजवणं.

पाणी: पीएचची बाटली विकत घेऊ नका

पीएच म्हणजे पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, सातच्या खाली आम्ल. बोअरच्या पाण्याचा पीएच आठच्या आसपास निघाला की लोक घाबरून तो उतरवायचं ‘पीएच डाऊन’ औषध आणतात. संध्याकाळी पीएच सात होतो, सकाळी परत आठ. पाण्यातले कार्बोनेट क्षार त्या औषधातलं आम्ल गिळून टाकतात म्हणून हे होतं. मासा आठमध्ये जगला असता, पण त्याला रोज सात आणि आठच्या मधे झुलवलं की तो खचतो.

दुकानात मिळणारे सेव्हरम बहुतेक टाकीतच जन्मलेले असतात. थोड्या जड, म्हणजे जास्त क्षारांच्या, पाण्यात ते तग धरतात. त्यांना पिल्लं व्हावीत किंवा उआरूसारखा नाजूक मासा ठेवायचा असेल तर आरओचं पाणी मिसळा. समजा बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ८०० आहे आणि आरओचा ५०. निम्मं-निम्मं केलं तर साधारण सव्वाचारशे येतो. हे एका दिवसात करू नका, दर आठवड्याच्या पाणीबदलात थोडं थोडं करा. आणि आरओच्या वेस्ट पाइपमधून येतं ते पाणी टाकीत घालू नका, सगळे क्षार त्याच्यातच जमा झालेले असतात. बचत म्हणून हे करणारी दोन घरं मी स्वतः पाहिली आहेत.

पाण्याला चहाचा रंग हवा असेल तर देशी बदामाची पानं. आपल्याकडे शाळांच्या आवारात आणि कॉलन्यांत ही झाडं भरपूर. आपोआप गळलेली, तपकिरी, कोरडी पानं घ्या, धुऊन टाका. हिरवी तोडू नका. कपाशीच्या किंवा केळीच्या शेताजवळची पानं नकोत, तिथे फवारा कुठवर पोहोचला असेल ते सांगता येत नाही.

नळाच्या पाण्यात दुखणं वेगळं. पावसाळ्यात तापीला गढूळ पाणी आलं की क्लोरीन वाढवतात, आणि गावात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर तर अंदाजानेच पडते. अशा दिवशी निम्मं पाणी थेट नळाने भरलं तर माशाच्या कल्ल्यांची आग होते. क्लोरीन मारणारं अँटिक्लोरीन आधी टाका, किंवा पाणी एक दिवस पिंपात हवा सोडून ठेवा. वास येत नाही म्हणून क्लोरीन नाही, असं धरून चालू नका.

आता अमोनिया. न खाल्लेलं खाद्य आणि विष्ठा यांतून तो तयार होतो. त्यातला विषारी भाग पीएच आणि उष्णता वाढली की वाढतो. पीएच सातपेक्षा आठला तो जवळजवळ दहापट असतो. म्हणजे पुण्यामुंबईच्या मऊ पाण्यात जी चूक खपून जाते, ती जळगाव-धुळ्याच्या बोअरमध्ये खपत नाही. म्हणूनच नवीन टाकीत पहिल्याच दिवशी सहा सेव्हरम सोडू नयेत. अमोनिया खाणारे जिवाणू फिल्टरमध्ये बसायला चार ते सहा आठवडे लागतात. चालू टाकीतला जुना मळका स्पंज कुणाकडून मिळाला तर तो सोन्यासारखा समजा.

माझी स्वतःची चूक इथेच सांगून टाकतो. एका मे महिन्यात फिल्टरचा सगळा स्पंज आणि बायो रिंग्ज, म्हणजे जिवाणू बसायच्या कड्या, मी नळाखाली धरून पांढऱ्याशुभ्र केल्या. तिसऱ्या दिवशी दोन सेव्हरम गेले. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा, आणि एका वेळी निम्माच.

उन्हाळा आणि लोडशेडिंग

भुसावळ, जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा टाकीचं पाणी ३३-३४ वर जातं. या माशांना २६ ते २९ मानवतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३५ ला ६.९ च्या आसपास. त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. मासे पाण्याच्या तोंडाशी येऊन भराभर कल्ले हलवत असतील तर तो आजार नव्हे, श्वास पुरत नाहीये.

झाकणाच्या जागी जाळी लावा, कारण मोठे सिक्लिड उडी मारतात, आणि पाण्यावरून टेबलफॅनचा वारा वाहू द्या. पाणी उडून जाताना थंडावा देतं, दोन-तीन अंश सहज उतरतात. पण त्याच खोलीत कूलर चालू असेल तर हवाच ओली होते आणि हा उपाय निम्माच चालतो. कूलर दुसऱ्या खोलीत, नाहीतर खिडकी उघडी.

पंख्याने पाणी उडतं, क्षार मात्र मागे राहतात. रोज बोअरचंच पाणी वरून भरत राहिलात तर जूनपर्यंत टाकीतलं पाणी बोअरपेक्षाही जड होतं. उडालेलं पाणी आरओने भरा. आणि ते दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून घेऊ नका, त्यात चहा होईल. पहाटेचं भरा. बर्फ थेट टाकू नका. बंद बाटलीत गोठवून सोडा, तेही एकेक.

वीज गेली तर आधी हवा, मग बाकी सगळं. बॅटरीचा एअर पंप इन्व्हर्टरपेक्षा स्वस्त पडतो. कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर, काही तास बंद पडला तर आतलं पाणी सडतं. वीज आल्यावर तसाच सुरू केला तर ती घाण टाकीत येते. आधी ते पाणी ओतून द्या. आणखी एक गोष्ट, एअर पंप खोलीतलीच हवा ओढतो. डासांसाठी धूर मारायला गाडी आली, घरात स्प्रे मारला, तर तेवढा वेळ पंप बंद ठेवा. शेतातून फवारणी करून आलेल्या हातांनी टाकीत हात घालायचा नाही, साबणाने धुतले तरी.

थंडीत उलटं होतं. इथे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो. लिटरमागे साधारण एक वॉट धरून हीटर घ्या, एका ३०० वॉटऐवजी १५० चे दोन, आणि त्यांना जाळीचं कव्हर लावा. मोठा मासा शेपटीने काच फोडतो. पाणी काढताना हीटर बंद करायला विसरू नका.

वाळू आणि खाणं

जिओफेगस म्हणजेच माती खाणारा. वाळू तोंडात घेऊन, चाळून, कल्ल्यांतून बाहेर टाकतो. त्याला टोकदार रंगीत खडे दिले तर तोंड सोलवटतं. बारीक, गुळगुळीत नदीची वाळू हवी. पाणी नितळ होईपर्यंत धुवायची, आणि थोड्या वाळूवर व्हिनेगर ओतून बघायचं. फेस आला तर चुना आहे, नको. मार्बल चिप्स आणि शंखशिंपले याच कारणाने बाहेर.

सेव्हरम आणि उआरू मुख्यतः पालेभाजीवाले आहेत. उआरूच्या टाकीत झाडं लावणं म्हणजे वाफ्यात शेळी सोडणं. त्यांना चिकनचे तुकडे आणि नुसते किडे देऊन लोक फुगवतात, मग पोट गच्च होतं. पेलेटसोबत, म्हणजे दाणेदार खाद्यासोबत, सोललेला वाटाणा, पालक, गिलक्याची उकळत्या पाण्यातून काढलेली चकती द्या. बाजारातली भाजी नीट धुवा.

डोक्यावर बारीक खड्डे पडले आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी दिसली तर लोक लगेच मेट्रोनिडाझोल हे औषध शोधतात. ते उपयोगी पडतं, पण बहुतेक वेळा मागे महिनोन्महिने न बदललेलं पाणी असतं. आधी दोन-तीन दिवसांआड पाव पाणी बदला, खाणं सुधारा.

एके दिवशी शांत मासा पिसाळतो

वर्षभर गुण्यागोविंदाने राहिलेली सेव्हरमची जोडी अचानक सगळ्यांना कोपऱ्यात ढकलू लागली, तर आजार शोधू नका. सपाट दगडावर अंडी दिसतील. हे तात्पुरतं आहे. मधे जाळी लावून बाकीचे वेगळे करा, किंवा दगड-लाकडांची जागा बदलून नजरेआड कोपरे तयार करा. जोडीतलाच एक मार खात असेल तर मात्र त्याला लगेच काढा.

आणि मोठा झालेला मासा, विशेषतः काच साफ करायला आणलेला सकर, जळगावच्या मेहरूण तलावात किंवा तापीत सोडू नका. महाराष्ट्रातल्या जलाशयांत हा सकर मच्छीमारांच्या जाळ्यात येऊन जाळी फाडतो आहे. आणलेल्या दुकानात विचारा, बरेच जण मोठे मासे परत घेतात.