रात्रपाळीनंतरची झोप आणि हार्पवरचा बाख

मिरजेत एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी रात्रपाळी करते. सकाळी आठला घरी येते तेव्हा अंग मोडून आलेलं असतं, पण कानात सेंट्रिफ्यूजची घरघर आणि डोक्यात सॅम्पलचे नंबर चालूच असतात. आधी रागसंगीत लावून पाहिलं. पण लहानपणापासून ऐकायची सवय, त्यामुळे लक्ष समेची वाट पाहत बसायचं आणि झोप राहायची बाजूला. हार्पवर, म्हणजे उभ्या तारांच्या मोठ्या पाश्चात्त्य वाद्यावर वाजवलेलं बरोक संगीत, म्हणजे साधारण 1600 ते 1750 मधलं युरोपातलं संगीत, मला लागू पडलं. मी ते कसं ऐकते ते सांगते.

सुरुवात एकाच तुकड्याने करा: जर्मन संगीतकार बाखचं सी मेजर या स्वरसप्तकातलं पहिलं प्रील्यूड, म्हणजे सुरुवातीची छोटी रचना. बाखच्या रचनांच्या सूचीतला तिचा क्रमांक बीडब्ल्यूव्ही 846, शोधताना तो टाका. 1722 च्या संग्रहातलं हे प्रील्यूड त्याने कळफलकाच्या वाद्यासाठी लिहिलं, पण घडण हार्पचीच आहे. स्वर एकदम न वाजवता एकामागून एक उलगडण्याला पाश्चात्त्य संगीतात आर्पेजिओ म्हणतात, आणि तो शब्द आलाय हार्पच्या इटालियन नावावरून, ‘आर्पा’वरून. या प्रील्यूडमध्ये गुणगुणावी अशी चालच नाही. प्रत्येक छोट्या आवर्तनात आठ स्वरांची एक लड दोनदा येते, पुढच्या आवर्तनात स्वर बदलतात, लडीची घडण तीच. एका आवर्तनात श्वास आत, पुढच्यात बाहेर. अशी 32 आवर्तनं, म्हणजे 16 श्वास. मग घडण मोडते आणि तुकडा संपत येतो. वादक जलद वाजवत असेल तर दोन आवर्तनांत श्वास आत, पुढच्या दोनांत बाहेर. श्वास ओढूनताणून लांबवू नका.

हार्पच का? हार्पची तार बोटाच्या पेराने छेडतात आणि हाताने थांबवली नाही तर ती गुंजत राहते. एका स्वराची आस पुढच्या स्वरात मिसळते. सतारमेकर गल्लीतून जाताना जवारी काढलेल्या तंबोऱ्याची तार कुणी छेडून पाहिली की पाऊल आपोआप हळू पडतं. मला हार्पमध्ये तेच सापडलं.

दुसरा तुकडा पाखेलबेल या बरोक संगीतकाराचा कॅनन, म्हणजे एकच चाल एकामागून एक वाद्यं उचलतात अशी रचना. मूळ तीन व्हायोलिन आणि खर्जाच्या साथीसाठी. खालचे आठ स्वर 28 वेळा जसेच्या तसे येतात, तबल्याच्या लेहऱ्यासारखे. वरच्या नक्षीकामाच्या मागे जाऊ नका, खालचा लेहरा तेवढा धरून ठेवा. मोजायचंही नाही. माझी झोप बहुतेक इथेच लागते.

तिसरा, बाखच्याच गोल्डबर्ग व्हेरिएशन्समधली सुरुवातीची आरिया, म्हणजे मूळ संथ चाल; पुढची व्हेरिएशन्स म्हणजे तिचीच बदलती रूपं. वेल्सच्या कॅट्रिन फिंच यांनी ही सगळी रचना हार्पवर आणली आहे. निद्रानाश झालेल्या एका काउंटसाठी, म्हणजे सरदारासाठी बाखने ती लिहिली, अशी गोष्ट बाखच्या 1802 च्या चरित्रात आहे. अभ्यासकांना ती खरी वाटत नाही. झोपेसाठी फक्त आरिया घ्या. तिच्यामागून येणारं पहिलंच व्हेरिएशन उड्या मारत येतं. मी एकदा पूर्ण अल्बम लावून ठेवला आणि लागलेला डोळा उघडला. म्हणून तिन्ही तुकडे डाउनलोड करून क्रमाने लावा, शफल बंद, फोन फ्लाइट मोडवर. मध्येच जाहिरात आली की सगळं मुसळ केरात.

आवाज पंख्याच्या आवाजाहून जरासाच वर. फोनच्या स्पीकरवर हार्पच्या खालच्या तारा जवळजवळ ऐकूच येत नाहीत आणि त्यांचाच तर आधार असतो, म्हणून छोटा का होईना, वेगळा स्पीकर घ्या आणि तो पायांकडे ठेवा. लाटा, पक्षी, पाऊस मिसळलेली रेकॉर्डिंग मी घेत नाही. तारेची आस त्यात बुडून जाते. अल्बिनोनी या बरोक संगीतकाराच्या नावाने मिळणारं अडाजिओ, म्हणजे संथ लयीचा तुकडा, तोही टाळते. ते जाझोत्तो या इटालियन संगीत-अभ्यासकाने 1958 मध्ये प्रसिद्ध केलं, बरोक नव्हेच, आणि माझ्या छातीवर त्याचा भार येतो.

पहिले चार-पाच दिवस काही होणार नाही. वेळ आणि क्रम मात्र बदलू नका. आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, ते काम या तारांचं नाही.

आणि दुपारी चारला उठल्यावर बरोक संगीतकार हँडलचा हार्प कॉन्चेर्तो, म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीने एका वाद्याने वाजवायची रचना. हा मात्र मुळात हार्पसाठीच लिहिलेला, लंडनला 1736 मध्ये पहिल्यांदा वाजला. त्याचा पहिला भाग मी चहाचं आधण ठेवताना लावते.